आटपाडीचा समुद्र

चित्र वरून खाली उतरत होतं. आधी काळी पट्टी, मग करडी, मग एका काट्याचं टोक. मी खुर्चीच्या कडेवर बसून पडद्याकडे डोळे वटारून बघत होते, जणू माझ्या धाकानं ते लवकर खाली येणार होतं. दुसरा काटा दिसायला लागला, तेवढ्यात चित्र जागच्या जागी थांबलं आणि मोडेमचे दिवे विझले.

"गेली लाईन," विश्वजित म्हणाला.

"परत?"

"काल नुसतं काळं दिसलं हुतं मॅडम. आज काटा तरी दिसला. प्रगती हाय."

विश्वजित फौजेत सिग्नलला होता. पेन्शन घेऊन आला आणि त्यानं कऱ्हाडजवळच्या मलकापुरात, हायवेला लागून, टायरच्या दुकानाच्या माडीवर दोन कॉम्प्युटर मांडून 'इंटरनेट' अशी पाटी लावली. हे एकोणीसशे नव्याण्णव साल. कऱ्हाडकडची माणसं त्याच्याकडे यायची ती अमेरिकेतल्या जावयाला ई-मेल धाडायला, नाहीतर क्रिकेटचा स्कोअर बघायला. रोज सकाळी कॉलेजच्या आधी येऊन मेलेल्या किड्यांची चित्रं मागणारी मी एकटीच. 'किडे' हा त्याचा शब्द. मी त्याला शंभरदा सांगितलं, की ते किडे नाहीत, समुद्रात राहणारे एका पेशीचे जीव आहेत, आणि मला त्यांची कवचं बघायची आहेत. "तेच ते," तो म्हणायचा.

मी उमा. कऱ्हाडच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. राहायला साताऱ्याला, त्यामुळे निम्मं आयुष्य एसटीत गेलं. भूशास्त्र शिकवते म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: पाणी कुठं लागेल आणि भूकंप कधी होईल. दोन्हीची उत्तरं मला देता येत नाहीत, आणि मग माझ्या शिक्षणाबद्दल त्यांचं मत बिघडतं ते बिघडतंच.

मला जे कळतं ते एवढंच. आमचा सातारा-सांगलीचा मुलूख म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडाचे थरावर थर, चपात्यांची चळत असते तसे. एक थर पसरला, निवला, मग कित्येक हजार वर्षांनी दुसरा आला. मधल्या काळात कुठं खळग्यात पाणी साचलं, तर तिथं गाळ बसायचा, आणि गाळात त्या पाण्यातल्या जीवांची कवचं. सुईच्या टोकावर मावतील एवढाली. ती सापडली तर सांगता येतं की तिथं काय होतं आणि केव्हा होतं. पण असा गाळ आमच्याकडे फार क्वचित मिळतो. पीएचडीसाठी मी नेमका हाच विषय घेतला. घरी अवधूत, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "जे मिळत नाही तेच शोधायचं, हे तुझं लग्नाआधीपासूनच आहे."

शोधायची माझी रीत अशी, की उन्हाळ्यात दुष्काळी भागात जिथं जिथं विहीर खणताहेत तिथं जाऊन उभं राहायचं. माणसं पाण्यासाठी खाली वाकून बघायची आणि मी चिखलासाठी. चार उन्हाळे गेले, चेहरा भाजून निघाला, पण हाती काळ्या दगडाशिवाय काही लागलं नाही. आणि मग गेल्या वर्षी आटपाडीच्या अलीकडे नानासोंच्या विहिरीत तो थर दिसला.

नानासो गलाई व्यवसायातले. विट्या-आटपाडीकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं घालून बसलेली असतात, तसं यांचं दुकान मदुरेला. वर्षातून एकदा गावी यायचे, तेव्हा ही विहीर काढायला घेतलेली. मी दगड-माती वर ओढणाऱ्या यारीच्या बादलीत बसून खाली गेले. वर काळा दगड, खाली काळा दगड, आणि मधे वीतभर जाडीची पांढुरकी माती. मी ओरडलेच. वरच्या लोकांना वाटलं बाई पडली. मी माझ्या हातानं खरवडून एक पिशवी भरली, अर्धा किलो असेल. एवढ्यात बादली हलवा म्हणून वरून हाकाटी सुरू झाली, सुरुंगाची वेळ झाली होती.

त्या पिशवीतून निघाली ती अगदी थोडी कवचं. घेवड्याच्या दाण्यासारखी, गुळगुळीत, मातकट. गोड्या पाण्यात असतात तसली, म्हणजे तिथं एखादं तळं असणार. मी ती कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत घालून पुण्याला मधुकर सरांना दाखवायला नेली. मधुकर सर माझे गाइड. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि मान हलवली. "खरी आहेत. पण एवढ्यावर नेमकं वय ठरत नाही, उमा. आणखी माती आण. वय नसेल तर नुसती खडी आहे ही."

मी परत आटपाडीला गेले, तर विहिरीला पाणी लागलेलं. थर पाण्याखाली गेला होता आणि वर दगडी बांधकाम चढत होतं. सगळी माणसं आनंदात, पेढे वाटताहेत, आणि मी एकटी कठड्यावर सुतकी चेहरा करून बसलेली. तेव्हा नानासोंच्या आई, सुलाबाई, जवळ आल्या. या बाईंचं सारं तरुणपण मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं. "बाई, पांढरी माती पायजे व्हय तुमास्नी? मग त्वांड कशाला पाडलंय? म्या ठिवलीया की. भिताडं सारवायला लय झाक हाय."

खोपटात चांगला ढीग होता. मला त्या म्हातारीला मिठी मारावीशी वाटली. पण त्या दिवशी न्यायला पोतं नव्हतं, आणि त्यांनी मला तसं जाऊही दिलं नाही. शेळीच्या दुधाचा चहा झाला, बाजरीची भाकरी झाली, मी कुठली, पोरं किती, एवढी उन्हाची का हिंडते, सगळं विचारून झालं. पीएचडी म्हणजे काय हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला. "म्हंजे परीक्षा हाय तुमची. एवढ्या वयात." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर मी दोन-तीनदा सहज म्हणूनही गेले, पण माती अजून ओली होती, "वाळली की धाडते" म्हणाल्या. पुढे त्यांनी मातीची पिशवी एसटीच्या कंडक्टरकडे देऊन माझ्याकडे पाठवली. सोबत निरोप, "यश यील म्हनावं, काळजी करू नगा."

त्या पिशवीतली माती मी भिजवली, बारीक चाळणीवर धुतली, वाळवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पहिल्याच तबकडीत मला चांदणी दिसली.

खरोखरची चांदणी. मधे फुगीर चकती आणि भोवती काटे. मग दुसरी. मग गुंडाळलेल्या शंखासारखं एक. समुद्री जीव होते ते. गोड्या पाण्याशी त्यांचा काही संबंध नाही. लाव्हाच्या दोन थरांमधे समुद्र! आमच्या या भागात समुद्र शिरला होता असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. मी त्या दिवशी कॉलेजात कुणाशी धड बोलले नाही, एसटीत माझं उतरायचं ठिकाण चुकलं, आणि घरी आल्यावर शिरा केला. घेवड्याच्या दाण्यांची डबी कपाटात मागं सरकली ती तिथंच राहिली.

मधुकर सरांना फोन केला. ते म्हणाले, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"सर, आडातूनच आलंय ते."

"मग नाव सांग आणि वय सांग. काटेवाल्या चांदण्या दोन तऱ्हेच्या. एक डायनोसोरबरोबर नामशेष झाली. ती असेल तर तू जिंकलीस, मी स्वतः पेढे घेऊन कऱ्हाडला येतो. दुसरी आजही समुद्रात जिवंत आहे. दिसायला दोघी जुळ्या. एप्रिलअखेर तुझं रजिस्ट्रेशन संपतंय, आणि याआधी एकदा मुदत वाढवून झालीय. पक्कं ओळखून आण, नाहीतर विषय सोड."

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत त्या चांदण्यांचं एकच चित्र होतं, जुन्या पुस्तकात, आणि ते कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेलं. मुंबई-पुण्याच्या लायब्रऱ्यांत पुस्तकं बाइंडिंगला गेलेली. तेव्हा सरांनीच सांगितलं, की अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं हे सगळं इंटरनेटवर टाकलंय. जिवाचं नाव टाइप केलं की त्याचा फोटो येतो, आणि शेजारी एक उभा तक्ता. खाली जुना काळ, वर आजचा. तो जीव कधी जन्मला आणि कधी संपला, ते एका पट्टीनं दाखवलेलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मला वाटलं. दोन फोटो बघायचे, आपल्या चांदणीशी ताडायचे, झालं. एका सकाळचं काम.

एका सकाळचं काम! पहिल्या दिवशी फोनच लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला तर त्या साइटनं पासवर्ड मागितला. पासवर्ड मागवायला ई-मेल पाठवली, त्याचं उत्तर यायला आठवडा. मग साइट उघडली आणि म्हणाली की तुमचा ब्राउझर जुना आहे. विश्वजितनं नवा उतरवायला घेतला, तो निम्म्यात आला आणि वीज गेली. पुन्हा घेतला, तेव्हा खालच्या टायरवाल्यानं त्याच लाईनवरचा फोन उचलून कुणाला तरी "हॅलो, हॅलो" केलं आणि सगळं तुटलं. मी जिना उतरून त्याच्याशी भांडून आले. तो बिचारा हातात पाना घेऊन ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाई, तुमच्यात कुनी सीरियस हाय का?"

सगळं जमलं तरी चित्र पूर्ण उतरायचं नाही. मला हवा होता तो चित्राचा खालचा भाग, काटे मधल्या चकतीला जिथं जुळतात ती जागा. जुळ्या बहिणींमधला फरक तिथं होता. आणि लाईन नेमकी त्याच्या वर येऊन मरायची. दात ओठ खात मी कॉलेजला जायची आणि मुलांवर राग काढायची. एका मुलानं विचारलं, "मॅडम, कोट्यवधी वर्षं म्हणजे किती असतात हो?" मी म्हटलं, "मलकापुरात एक फोटो उघडायला लागतात तेवढी."

एप्रिल उजाडला. विश्वजितलाही आता इरेला पेटल्यासारखं झालं होतं. "मॅडम, मोर्चा सोडायचा न्हाई," म्हणायचा. मी यायच्या वेळी तो टायरवाल्याचा फोन काढून ठेवायचा, दुसरा कॉम्प्युटर बंद ठेवायचा, आणि कुणी जिना चढून आला तर तोंडावर बोट ठेवून त्याला बाहेरच थोपवायचा. आणि एका सकाळी चित्र उतरायला लागलं ते थांबलंच नाही. काळी पट्टी, करडी पट्टी, काटा, दुसरा काटा, चकती, आणि मग खालचे काटे, त्यांच्या बुडासकट, पूर्ण.

मी माझ्या चांदणीचा मोठा करून घेतलेला फोटो पर्समधून काढला आणि पडद्याला लावून धरला. काट्यांची बुडं जाड. टोकं बोथट. चकतीवरचे ठिपके तसेच. रेषेवर रेष बसत होती.

"जुळलं!" विश्वजित ओरडला. "मॅडम, जुळलं की वो!"

"हो."

"मग असं काय करता?"

पडद्यावरचा फोटो जिवंत बहिणीचा होता. शेजारी तो उभा तक्ता. मेलेल्या बहिणीची पट्टी खाली, खोलवर, डायनोसोर संपले त्या रेषेपाशी कापल्यासारखी तुटलेली. आणि माझ्या चांदणीची पट्टी पार वरच्या टोकाला, आजच्या दिवसाला चिकटलेली. बोटाच्या पेराएवढी. म्हणजे जी चांदणी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दगडाखालून निघाली, ती त्या काळात जन्मलीच नव्हती.

मला इतका संताप आला की कानशिलं तापली. विहीर मी डोळ्यांनी पाहिलेली. वर दगड, खाली दगड. दगड खोटं बोलतो का? मग खोटं कोण बोलतंय? हा तक्ता! कुणीतरी परदेशात गार खोलीत बसून पट्ट्या आखायच्या, आणि आम्ही इथं यारीच्या बादलीत लोंबकळून त्या मानायच्या? मी तिथंच ई-मेल लिहायला घेतली. तुमचा तक्ता चुकला आहे, ही जात तुम्ही म्हणता त्याच्या किती तरी आधीपासून आहे, पुरावा माझ्याकडे आहे, कृपया दुरुस्ती करावी. सोबत चांदणीचा फोटो, विश्वजितनं स्कॅन करून जोडलेला.

विश्वजितनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "फौजेत असं लिहिलं असतं तर कोर्ट मार्शल झालं असतं."

"पाठव."

उत्तर चारच ओळींचं आलं आणि फार सभ्य होतं, म्हणून जास्त झोंबलं. लिहिणारा म्हणत होता की नमुना सुंदर आहे. पण कवच अगदी ताजं दिसतं, चकाकी शाबूत आहे, काटे अभंग आहेत, दगडात कोट्यवधी वर्षं राहिल्याची एक खूण नाही. आपल्या नमुन्यात आजच्या एखाद्या किनाऱ्यावरची वाळू मिसळली असण्याची शक्यता आहे का? आपल्यापासून समुद्रकिनारा किती लांब आहे?

"किती लांब!" मी खुर्चीतून उठलेच. "आटपाडी कुठं, समुद्र कुठं! मधे अख्खा सह्याद्री आहे. कुंभार्ली घाट चढून वाळू आपली आपण चालत आली का?"

"भरती आली असंल," विश्वजित म्हणाला. मी त्याच्याकडे बघितल्यावर तो मोडेमची वायर तपासायला लागला.

मधुकर सरही तेच म्हणाले. फक्त हळू आवाजात. "उमा, मातीत काही मिसळलं नाही याची खात्री तुला आहे ना?" मला रडू आलं, रागाचं. माझ्या हातून काही मिसळणं शक्य नव्हतं. चाळणी मी दरवेळी उकळत्या पाण्यानं धुते, ब्रश वेगळा, ताट वेगळं, स्वयंपाकघरातलं मीठसुद्धा मी त्या टेबलाजवळ येऊ देत नाही. आता एकच उपाय उरला होता. आणखी माती आणायची, पुन्हा धुवायची, पुन्हा चांदण्या काढायच्या, आणि त्या अमेरिकेतल्या शहाण्याच्या तोंडावर मारायच्या. मी मदुरेला नानासोंना फोन केला. ते म्हणाले, "ढीग सगळा संपला वो. घर सारवून झालं. आईनं तुमच्यासाठनं एक पिशवी राखून ठिवलीया, तेवढीच. मी सांगतो तिला, तुमचं काम अडलंय म्हनून."

सुट्टी टाकून निघाले. विट्याला गाडी बदलली. ऊन असं, की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. सबंध वाटेत मी त्या चार ओळींच्या उत्तराला मनातल्या मनात उत्तरं देत होते, एकाहून एक टोचरी.

सुलाबाई दारातच उभ्या होत्या. "या बाई, या. लय दिसानं आलासा. किती वाळलायसा! परीक्षा झाली न्हाई का अजून?"

भिंती सगळ्या पांढऱ्याशुभ्र झालेल्या. माझी माती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळून घोंगडीवर बसले. देव्हाऱ्याखाली माझी पिशवी तयार होती, तोंड सुतळीनं बांधलेलं. चहा आला, आणि दोन घोट पोटात गेल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सकाळचं येणं, तुटणारी लाईन, टायरवाला, सगळं सांगून झालं. त्यांना निम्मं कळलं नसेल, पण जिथं चुकचुकायचं तिथं त्या बरोबर चुकचुकत होत्या.

"आणि एवढं करून मावशी, ते म्हणतात काय, तर तुमच्या मातीत समुद्राची वाळू मिसळलीय! आटपाडीत! आहे का डोकं?"

सुलाबाईंचा चहाचा हात थांबला. "कोन म्हनतंय असं?"

"तिकडं अमेरिकेत एकजण आहे. फोटो बघून म्हणाला."

"नुसता फोटू बघून?"

"नुसता फोटो बघून."

"अगं बया!" त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कान धरले आणि देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. "लय पोचलेला मानूस म्हनायचा मग. बरुबर वळखली की वो त्यानं. रामेसरची हाय."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी म्हटलं, "काय रामेश्वरचं?"

"वाळू. आमचं नाना मदुरेला न्हाई का? तितनं रामेसर जवळच हाय. दरसाल गावाकडं येताना समुद्राची वाळू आणतंय. देवाची वाळू ती. पेरणीला पाभरीत टाकतो. पोरगं परीक्षेला निगालं की दप्तरात टाकतो. तुमची बी परीक्षाच. म्हनलं, बाई लेकरागत उन्हाची हिंडतीया, तिच्या बी पिशवीत चिमूटभर टाकावी. यश येतंय."

मी उठले. देव्हाऱ्यात एक डालड्याचा जुना डबा होता. तळाशी कोपऱ्यात थोडे कण चिकटलेले. ते मी तळहातावर आपटून घेतले आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. काटे, चकती, बोथट टोकं. चांदण्या. माझ्या हातावर सगळा समुद्र पसरला होता.

काय वाटलं ते सरळ सांगते. मला तो डबा भिंतीवर फेकावासा वाटला. चार उन्हाळे, विश्वजितची माडी, तो तुटणारा फोन, मी केलेली भांडणं, सगळ्याचा अर्थ एवढाच, की एका म्हातारीला माझी दया आली. आणि ती समोर इतक्या कौतुकानं बघत होती, की देवाच्या वाळूची ख्याती अमेरिकेपर्यंत गेली. मी शत्रूवर चिडू शकते, टायरवाल्यावर चिडू शकते. इथं कुणावर चिडायचं?

मग मला ती फिल्मची डबी आठवली. कपाटात मागं सरकलेली. घेवड्याचे मातकट दाणे.

"मावशी," मी म्हटलं, "मी पहिल्यांदा आले होते, विहिरीत उतरून माझ्या हातानं पिशवी भरली होती. तिच्यात टाकली होती का वाळू?"

"त्यात कशाला टाकीन?" त्या म्हणाल्या. "तवा आपली वळख कुटं हुती?"

म्हणजे ती पिशवी स्वच्छ होती. तळं खरं होतं. समुद्र नव्हता, तळं होतं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, याच रानातलं. सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते की दाणे खरे आहेत, फक्त कमी आहेत. जरा जास्त मिळाले असते तर वय ठरलं असतं. आणि मी समुद्राच्या नादात त्या दाण्यांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या पिशवीतही दाणे असणारच, पण ती मी चांदण्यांसाठी धुतली होती, चांदण्या वेचल्या आणि बाकीचं मोरीत ओतलं होतं.

माझी नजर देव्हाऱ्याखालच्या पिशवीवर गेली. शेवटची माती. जीव भांड्यात पडला. आता घाई करायची नाही. शांतपणे दाणे वेचायचे, सरांकडे न्यायचे. महिनाअखेरीला अजून वेळ होता. मी पिशवी दोन्ही हातांनी जवळ ओढली.

"मावशी, हिच्यात अजून काही टाकलं नाही ना?"

"टाकलीया की," सुलाबाई म्हणाल्या. "नानाचा फोन आला, बाईंचं काम अडलंय म्हनून. माझ्या मनाला लय लागलं. म्हनलं, मागल्या खेपंला चिमूटभरच टाकली, म्हनून अडलं असंल. ह्या टायमाला हात आकडला न्हाई. समदा डबा रिता केला आन् चांगलं खालवर करून ठिवलं."

मी पिशवीवरचा हात काढला नाही. समुद्राची वाळू खालवर केलेल्या या मातीतला एकही दाणा आता पुरावा म्हणून कुणी धरणार नव्हतं.

"आता हुईल न्हवं काम?" त्यांनी विचारलं.

त्या एवढ्या आशेनं बघत होत्या, की जणू माझ्या नव्हे, त्यांच्याच परीक्षेचा निकाल लागणार होता.

"होईल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?